आधार कोणाचा, निराधार कोण?

गेल्या दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीला पाहुणे पाहून गेले होते. ती दोन वर्षांची असताना पोलिओने तिचा उजवा पाय गेला. बारावीपर्यंत शिकली, आता घरातच शिवणकाम करते. मशीनला मोटार लावून घेतली आहे, कारण पायटा मारणे तिला जमत नाही. तिला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. आमच्याकडे त्याला 'निराधारचा पगार' म्हणतात. मुलगा ट्रक चालवतो, निर्व्यसनी आहे, त्याने पायाकडे पाहिले आणि तरीही होकार दिला. माय आनंदात होती. बहीण मात्र रात्री जेवणे उरकल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "दादा, लगीन झालं तर माजा पगार बंद व्हईल का?"

मी पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. घरात पहिला पदवीधर मीच. तेव्हा कायद्यातले, कागदातले सगळे मला ठाऊक असते असा घरच्यांचा समज आहे, आणि तो मोडण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. मी ठोकून दिले, "कसा बंद होईल? पाय तुझा अधू आहे, नवऱ्याचा नाही."

दुसऱ्या दिवशी खात्री करून घ्यावी म्हणून तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितले, "लग्न झाल्यावर नवऱ्याच्या घरचा उत्पन्नाचा दाखला लागेल. मर्यादेच्या वर गेला की नाव कमी होणार." मी वाद घालू लागलो तेव्हा तो गृहस्थ मनापासून आश्चर्य वाटल्यासारखा म्हणाला, "सर, नवरा असल्यावर ती निराधार कशी राहील?"

त्या माणसावर माझा राग नाही. त्याने योजनेच्या नावाचा सरळ अर्थ सांगितला. नवरा म्हणजे आधार. तो मिळाला की बाई निराधार राहत नाही. पण हा अर्थ कोठून आला, तो फक्त आपल्याच कचेऱ्यांत आहे की इतरत्रही आहे, हे पाहिले पाहिजे असे वाटले. म्हणून गेले काही महिने मी ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांचे नियम वाचत होतो. या देशांत हा प्रश्न निदान पन्नास वर्षे कोर्टांत, संसदेत आणि रस्त्यावर लढवला गेला आहे. तेथील सरकारने जे नियम कागदावर स्पष्ट लिहून ठेवले, ते आपल्याकडे कारकुनाच्या तोंडी असतात. म्हणून तिकडचे वाचले की इकडचे नीट कळते.

एक खुलासा आधीच करतो. २०१६ पासून सरकारी भाषेत 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे. मी या लेखात 'अपंग' हाच शब्द वापरणार आहे. वरून बहाल केलेल्या गोड नावांचा आपल्याला पुरेसा अनुभव आहे. त्या अनुभवाची उजळणी या ठिकाणी करण्याचे कारण नाही.

ब्रिटनमध्ये अपंग माणसाला सरकारकडून मिळणारा पैसा मुळात दोन जातींचा आहे. एक पैसा अपंगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चासाठी दिला जातो. १९७१ साली सुरू झालेला परिचर्या भत्ता, १९९२ चा अपंग निर्वाह भत्ता आणि २०१३ पासून त्याच्या जागी आलेले 'पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट' हे या प्रकारचे. यात माणसाचे शरीर काय करू शकते आणि काय नाही एवढेच तपासले जाते. त्याच्या घरात कोण राहते, तो कोणाशी लग्न करतो, त्याच्या जोडीदाराला किती पगार आहे हे विचारले जात नाही. अपंग बाई उद्या एखाद्या लखपतीच्या घरी राहायला गेली तरी हा पैसा एका पेन्सनेही कमी होत नाही.

दुसरा पैसा उपजीविकेचा. ज्याला काम करता येत नाही आणि ज्याच्यापाशी दुसरे साधन नाही, त्याला जगण्यासाठी दिला जाणारा. आज याचे मुख्य रूप 'युनिव्हर्सल क्रेडिट' हे आहे. येथे मात्र सगळे उलटे होते. येथे माणूस मोजला जात नाही, घर मोजले जाते. दोन माणसे जोडपे म्हणून एका घरात राहू लागली की त्यांना एकत्र अर्ज करावा लागतो, दोघांचे उत्पन्न एकत्र धरले जाते, दोघांची शिल्लक एकत्र धरली जाते, आणि रक्कम सामान्यतः एकाच खात्यात जमा होते. कोणाच्या खात्यात, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे. म्हणजे घरात ज्याचा आवाज मोठा त्याच्या खात्यात, हे वेगळे सांगायला नको.

आकडे पाहिल्याशिवाय हे नीट कळत नाही. २०२५-२६ या वर्षी पंचवीस वर्षांवरील एकट्या माणसाची मूळ रक्कम दरमहा ४००.१४ पौंड होती. जो माणूस कामही करू शकत नाही आणि कामाची तयारीही करू शकत नाही असे तपासणीत ठरते, त्याला त्यावर आणखी ४२३.२७ पौंड मिळत. म्हणजे ८२३.४१ पौंड. असे दोन अपंग, एक पुरुष आणि एक स्त्री, वेगवेगळ्या खोल्यांत राहत आहेत असे समजा. दोघांचे मिळून १६४६.८२ पौंड होतात. आता ते एकमेकांच्या प्रेमात पडले आणि एका घरात राहू लागले. जोडप्याची मूळ रक्कम ६२८.१० पौंड. अपंगत्वाची जादा रक्कम दोघांनाही लागू होत असली तरी एका जोडप्याला ती एकदाच मिळते. एकूण १०५१.३७ पौंड. दरमहा ५९५.४५ पौंडांचा फटका. घरभाड्याची मदत यात धरलेली नाही.

दोघे एकत्र राहिले म्हणजे चूल एक, दिवा एक, छप्पर एक. खर्च कमी होतो. म्हणून मूळ रक्कम दुपटीपेक्षा थोडी कमी ठेवली तर ते अगदीच अन्याय्य म्हणता येणार नाही. मी स्वतः वसतिगृहात चौघांत एक खोली करून शिकलो आहे. एकत्र राहण्यातली काटकसर मला कोणी शिकवायला नको. पण अपंगत्वाची रक्कम एकदाच का? छप्पर वाटून घेता येते, पक्षाघात वाटून घेता येत नाही. दोन माणसांच्या दोन दुखण्यांचे एका उंबऱ्याच्या आत आल्याबरोबर एक दुखणे कसे होते, याचे उत्तर कोणत्याही सरकारी कागदात मला सापडले नाही.

शिल्लक रकमेचेही असेच. सोळा हजार पौंडांहून अधिक शिल्लक असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. ही मर्यादा एकट्यालाही तीच आणि जोडप्यालाही तीच. दोघांनी आपापले नऊ नऊ हजार साठवले असतील तर वेगळे असताना दोघेही पात्र, एकत्र आले की दोघेही बाद. जोडीदार नोकरी करणारा असेल तर ठरावीक रक्कम सोडून त्याच्या पगाराच्या दर पौंडामागे ५५ पेन्स या दराने घराची मदत कमी होत जाते. चांगला पगार असेल तर ती शून्यावर येते. मग काल स्वतःच्या नावाने पैसे घेणारी बाई आज साबणासाठी, औषधासाठी, बसच्या तिकिटासाठी त्याच्यापुढे हात पसरू लागते. तोच जोडीदार आठवड्याला किमान ३५ तास तिची सेवा करीत असेल तर त्याला काळजीवाहकाचा भत्ता मागता येतो. तो २०२५-२६ साली आठवड्याला ८३.३० पौंड होता. म्हणजे सरकारच्या हिशेबात तो तिचा पोशिंदाही आहे आणि तिचा स्वस्तातला सेवकही आहे.

जे जुन्या पद्धतीच्या भत्त्यांवरून युनिव्हर्सल क्रेडिटवर आणले गेले, त्यांच्यापुढे आणखी एक खड्डा आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या आणि एकट्याने राहणाऱ्या माणसाला जुन्या पद्धतीत आठवड्याला ऐंशी पौंडांहून अधिक जादा रक्कम मिळे. घरात धडधाकट जोडीदार आला की ती बंद होई. नव्या पद्धतीत ही रक्कम नाहीच; तिच्या बदल्यात काहींना संक्रमणकाळाचे संरक्षण दिले गेले. पण एकटा माणूस जोडपे झाला की तेही संपते, आणि नंतर ताटातूट झाली तरी परत मिळत नाही. प्रेम फसले तर माणूस पूर्वीच्या जागी परतत नाही, त्याच्याही खाली जातो. म्हणून तेथील सल्ला देणाऱ्या संस्था अपंगांना एकच गोष्ट सांगतात: सामान हलवण्याआधी हिशेब करून घ्या.

आता मुख्य गोम. जोडपे कोण, हे ठरवायचे कसे? लग्न झाले असेल आणि दोघे एकत्र राहत असतील तर प्रश्नच नाही. लग्न झाले नसेल तर? आपल्याकडच्या अनेक वाचकांना वाटेल की लग्न न करता राहिले म्हणजे सुटले. ब्रिटनमध्ये सुटका नाही. 'विवाहितांप्रमाणे एकत्र राहणे' एवढे पुरे आहे. आठवड्यातून तीन रात्रींपर्यंत जोडीदार मुक्कामाला राहिला तर चालते, अशी एक समजूत तिथे वर्षानुवर्षे तोंडोतोंडी चालत आली आहे. तसा कोणताही नियम कायद्यात नाही. अधिकारी सहा गोष्टी पाहतात. दोघे एकाच घरात राहतात काय, नाते टिकाऊ आहे काय, पैशाचा व्यवहार एकत्र आहे काय, शरीरसंबंध आहे काय, मुले आहेत काय, आणि चारचौघांत ते जोडपे म्हणून ओळखले जातात काय. कायदा अंथरुणापर्यंत कसा पोहोचतो ते येथे दिसते. अंगणात कोणाची मोटार उभी होती, दोरीवर कोणाचे कपडे वाळत होते यांवरून गरीब बायकांचे भत्ते बंद झाल्याच्या तक्रारी तिथे १९७० च्या दशकात खूप गाजल्या. श्रीमंत बाईच्या दोरीवरचे कपडे मोजायला मात्र कोणी जात नाही.

याच सहा खुणांच्या संदर्भात १९८० च्या दशकाच्या आरंभी न्यायमूर्ती वुल्फ यांच्यासमोर दोन खटले एकत्र आले. त्यांतला बटरवर्थ नावाने ओळखला जाणारा खटला आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. अपघातात जबर जखमी झालेल्या एका स्त्रीच्या घरी तिला मदत करण्यासाठी एक ओळखीचा पुरुष राहायला आला. खात्याने ठरवले की हे जोडपे आहे. न्यायमूर्तींनी ते मान्य केले नाही. एखादा माणूस आजारी किंवा असमर्थ आहे म्हणून त्याची देखभाल करण्यासाठी दुसरा त्याच्या घरी राहायला आला, तर त्याला नवरा-बायकोप्रमाणे राहणे म्हणता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. एकत्र राहण्याचे कारण काय, हे विचारलेच पाहिजे, असे या निकालाने सांगितले. अपंग माणसाच्या घरात दुसरे माणूस असण्याला प्रेमाखेरीज, शय्येखेरीज इतरही कारणे असू शकतात, ही साधी गोष्ट मान्य करून घ्यायला कोर्टात जावे लागले.

ही दृष्टी ब्रिटनमध्ये आली कोठून? १९४२ साली बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला, ज्यावर ब्रिटनचे कल्याणकारी राज्य उभे राहिले. (हे बेव्हरिज जन्मले आपल्याकडे, बंगालमधल्या रंगपुरात, बाप इंग्रज सरकारचा अधिकारी होता.) त्या अहवालात विवाहित स्त्रियांचा एक स्वतंत्र वर्ग केलेला होता: गृहिणी. तिचा विमा नवऱ्याच्या वर्गणीतून. ती घर सांभाळणार, तो तिला पोसणार. अशी स्त्री अपंग झाली तर तिला काय मिळेल? काहीच नाही, कारण तिच्या नावावर वर्गणी नाही आणि सरकारच्या दृष्टीने तिचे काही गेलेलेच नाही. १९६५ साली मेगन दु बॉयसन आणि बेरिट मूर या दोन अपंग गृहिणींनी या विरुद्ध आवाज उठवला आणि अपंगांच्या उत्पन्नासाठी पहिली मोठी संघटना उभी केली. पक्षांनी, मजूर संघटनांनी जो प्रश्न पाहिला नव्हता, तो स्वयंपाकघरात अडकून पडलेल्या दोन बायकांनी मांडला.

त्यानंतर सरकारने जे केले ते वाचताना मला हसावे की रडावे कळेना. १९७५ साली वर्गणी न भरलेल्या अपंगांसाठी एक निवृत्तीवेतन आले. त्यातून विवाहित स्त्रिया आणि पुरुषासोबत राहणाऱ्या स्त्रिया वगळल्या होत्या. ओरड झाली. मग १९७७ मध्ये त्यांना घेतले, पण एक अट घालून. पुरुषाने आणि एकट्या बाईने एवढेच सिद्ध करायचे की आपण नोकरी करण्यास असमर्थ आहोत. नवऱ्यासोबत किंवा जोडीदारासोबत राहणाऱ्या बाईने मात्र त्याखेरीज हेही सिद्ध करायचे की ती घरकाम करण्यासही असमर्थ आहे. झाडू मारता येतो का, स्वयंपाक होतो का, बाजार आणता येतो का, याची चौकशी. एखादी बाई भिंतीला धरून भात शिजवू शकत असेल तर सरकारच्या लेखी ती अपंगच नाही! तीच बाई एकटी राहत असती तर अपंग ठरली असती. दारात पुरुषाचे जोडे दिसले की बाईचे अपंगत्व बदलते, असा हा कायदा १९८४ पर्यंत चालला.

१९७६ साली अपंगांची सेवा करणाऱ्यांसाठी भत्ता आला, त्यातूनही विवाहित आणि पुरुषासोबत राहणाऱ्या स्त्रिया वगळल्या. कारण काय, तर त्या तशाही घरीच असतात. जॅकलिन ड्रेक या स्त्रीने आपल्या अपंग आईची सेवा करण्यासाठी नोकरी सोडली होती. ती युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. आपल्याकडे बाप, नवरा आणि मुलगा या तीन खुंट्यांना बाई बांधून ठेवणारा ग्रंथ १९२७ साली महाडला जाळला गेला. ब्रिटनमध्ये तसा ग्रंथ नव्हता, तरी खुंटी होतीच. ती नियमपुस्तिकेत होती.

एक गोष्ट जाता जाता. डिसेंबर २००५ पासून तेथे समलिंगी जोडीदारांचे नाते कायद्याने नोंदवता येऊ लागले. त्याच दिवसापासून भत्त्यांच्या हिशेबात त्यांनाही 'जोडपे' म्हणून मोजणे सुरू झाले. सन्मान मिळाला तो कपातीसह मिळाला.

अमेरिकेत नियमाचे टोक वेगळ्या जागी बोचते. तेथे एकत्र राहण्यापेक्षा लग्न महाग पडते. गरीब वृद्ध, अंध आणि अपंगांसाठी 'सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम' ही योजना १९७२ च्या कायद्याने झाली आणि जानेवारी १९७४ पासून चालू झाली. २०२६ साली यात एका माणसाला केंद्राकडून जास्तीत जास्त ९९४ डॉलर दरमहा मिळतात, आणि दोघेही पात्र असलेल्या नवरा-बायकोला मिळून १४९१. दोन अपंगांनी लग्न केले की दरमहा ४९७ डॉलर गेले. एकट्याला २००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, जोडप्याला ३०००. हे आकडे १९८९ पासून बदललेले नाहीत. तेव्हाच्या दोन हजारांत आणि आजच्या दोन हजारांत केवढा फरक आहे हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही कळते. नवरा किंवा बायको अपंग नसेल आणि कमावत असेल तर तिच्या कमाईचा भाग अपंगाच्या नावावर आलाच असे 'मानले' जाते. तिने प्रत्यक्षात दमडी दिली नाही तरी. आणि या पैशाला बहुतेक राज्यांत सरकारी औषधपाण्याची योजना जोडलेली असल्यामुळे रोख रकमेपेक्षा ती जाण्याची भीती मोठी असते. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला रोज मदतनीस लागतो. त्याचा खर्च पगारातून भागवणे मध्यमवर्गीयालाही शक्य नसते.

लग्न न करता एका घरात राहिले तर? तेथे ते बहुधा चालते, कारण नुसते एकत्र राहणे पुरेसे नाही. पण दोघे शेजाऱ्यापाजाऱ्यांत नवरा-बायको म्हणून वावरत असतील तर सरकार त्यांना विवाहित धरू शकते. त्यासाठी वेगळी प्रश्नावली आहे. म्हणजे प्रेम करायचे, एका छपराखाली राहायचे, पण कोणी विचारले तर 'हा माझा नवरा' म्हणायचे नाही. भाड्यातला आपला वाटा आपणच भरतो हेही दाखवावे लागते, नाहीतर फुकटच्या निवाऱ्यापोटी रक्कम कापली जाते. आपल्याकडचे शहरी विद्वान 'लिव्ह-इन'ला पाश्चात्त्यांची चैन म्हणतात. त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे की तेथील हजारो अपंगांच्या बाबतीत ती चैन नसून औषधांचा हिशेब आहे.

या सगळ्यात मला सर्वांत अस्वस्थ केले ते १९७७ च्या एका निकालाने. कॅलिफानो विरुद्ध जॉब्स्ट असे त्या खटल्याचे नाव. जॉब्स्ट जन्मापासून मेंदूच्या पक्षाघाताने अपंग. मृत बापाच्या विम्यावर, अपंग अपत्य म्हणून त्यांना पैसा मिळत असे. १९७० साली त्यांनी लग्न केले, तेही त्याच विकाराने अपंग असलेल्या स्त्रीशी. नियम असा की अशा अपत्याने लग्न केले की पैसा बंद. फक्त जोडीदार स्वतः याच विमा कायद्याखाली लाभ घेणारा असेल तरच चालू राहील. त्यांच्या बायकोला मिळणारी मदत दुसऱ्या खात्याची होती. म्हणून जॉब्स्ट यांचा पैसा बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नियम वैध ठरवला. लग्न झाले की माणूस सामान्यतः आईबापांवर अवलंबून राहत नाही असे कायदेमंडळाने गृहीत धरले तर ते गैर नाही, असा तर्क. सामान्यतः! समोर जे दोघे उभे होते त्यांच्यापैकी कोणी कोणाला पोसायचे, हा प्रश्न सामान्य नियमात बसला नाही म्हणून सुटला. हा नियम आजही आहे. मात्र माणसाने स्वतः नोकरी करून, स्वतः वर्गणी भरून जो अपंगत्व विमा मिळवला असेल, त्याला लग्नाने धक्का लागत नाही.

येथे दोन्ही देशांचे सूत्र एकच दिसते. जो पैसा माणसाच्या नावाने येतो तो जोडीदार आल्याने जात नाही. जो पैसा घराच्या गरिबीच्या नावाने येतो तो जातो. बाकी सगळी गुंतागुंत याच एका फरकातून निघालेली आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी, या घटनेने खेडे हा घटक टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला याबद्दल समाधान व्यक्त केले होते. आपण ते वाक्य नेहमी खेड्याच्या संदर्भात वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण खेडे गेले तरी घर उरतेच, आणि सरकारी दाखल्यात आजही घटक व्यक्ती नाही, कुटुंब आहे.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे येतो. महाराष्ट्रात १९८० पासून चालू असलेल्या निराधार योजनेत चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना रक्कम मिळते. ती दरमहा १५०० रुपये होती, ऑक्टोबर २०२५ पासून अपंगांसाठी २५०० झाली. पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवे. इतर निराधारांसाठी ही मर्यादा एकवीस हजार आहे. पन्नास हजार म्हणजे किती? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने एका माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले की मर्यादा ओलांडली. म्हणजे नवरा अर्धे वर्ष सरकारी दराने दगड फोडत असेल तरी त्याची अपंग बायको सरकारच्या मते सुस्थितीत आहे. याच सरकारने २०२४ साली सर्वसाधारण स्त्रियांसाठी जी मासिक पैशाची योजना आणली, तिची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. दोन्ही पायांनी चालणाऱ्या बाईला अडीच लाखांपर्यंत गरीब मानायचे आणि एका पायाने चालणारीला पन्नास हजारांपर्यंत, हे गणित ज्याने केले त्याला मी माझ्या वर्गात बसवणार नाही.

केंद्राच्या अपंग पेन्शनची कथा याहून थोडकी. दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब, ऐंशी टक्के अपंगत्व, आणि केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये. २०१६ चा अपंग हक्क कायदा उत्तम आहे, त्यात अपंग पेन्शनचा उल्लेखही आहे, पण उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून.

दुसऱ्या बाजूने हेच शासन अपंगाशी लग्न करा म्हणून पैसे देते. अपंग आणि अव्यंग यांच्या विवाहाला प्रोत्साहन देणारी महाराष्ट्राची योजना २०१४ साली पन्नास हजार रुपयांनी सुरू झाली. आंतरजातीय विवाहाच्या अनुदानासारखीच ही कल्पना. समाजकल्याण खाते लग्नाच्या दिवशी हार घालते आणि तहसील कचेरी दुसऱ्या महिन्यात नाव कमी करते. महिना २५०० म्हणजे वर्षाचे ३०,०००. सुरुवातीच्या त्या पन्नास हजारांचे प्रोत्साहन दोन वर्षे व्हायच्या आत फिटले असते. पुढची चाळीस वर्षे तिने नवऱ्याकडे मागायचे.

निराधार योजनेच्या पात्रतेची यादी एकदा वाचून पाहावी. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, पस्तीस वर्षांवरील अविवाहित स्त्री. बाईची गरज येथे पुरुषाच्या गैरहजेरीने मोजली आहे. अपंग स्त्री तिच्या स्वतःच्या शरीरामुळे या यादीत आली खरी, पण उत्पन्नाच्या दाखल्याने तिलाही शेवटी त्याच रांगेत उभे केले. माझ्या मताने निदान एवढे तरी ताबडतोब करता येईल: अपंगाच्या रकमेसाठी उत्पन्न पाहायचेच असेल तर ते त्या माणसाचे स्वतःचे पाहावे. ब्रिटनने जादा खर्चाचा पैसा १९७१ पासून घरापासून वेगळा ठेवला आहे. त्याने कोणाचे संसार मोडले नाहीत.

मी हे सगळे बहिणीला शक्य तितके सोपे करून सांगितले. तिने मधेच एकदा विचारले, "त्या इंग्लंडातल्या बाईला बी नवऱ्याचाच दाखला लागतो व्हय?" मी हो म्हटले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग मशीनवरचा कपडा बाजूला सारून तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शिलाईचे महिन्याचे बाराशे ते अठराशे, दोऱ्याचा आणि विजेचा खर्च वजा, कॅलिपर दुरुस्तीला वर्षातून एकदा जिल्ह्याला जाणे, पगाराचे २५००. पगाराच्या आकड्यावर तिने रेघ मारली, पुन्हा लिहिला, पुन्हा रेघ मारली.

पाहुण्यांशी बोलणी झाली आहेत. मुलाने स्वतः सांगितले की मशीन घेऊनच यावे, आमच्या गावात ब्लाउज शिवणारे कोणी नाही. लग्न मे महिन्यात आहे. आमच्या घरचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतचा आहे. त्यानंतर नवा काढावा लागेल, आणि तो कोणत्या घरचा काढायचा हे अजून ठरलेले नाही. माय म्हणते, रेशनकार्डावरचे नाव सध्या हलवू नका. कायदा शिकलेला मुलगा म्हणून त्यावर माझे मत विचारले गेले आहे. मी अजून दिलेले नाही.